७८ दिवस आणि २१,००० रुपये: कामगार विम्यातून आत-बाहेर होण्याचा हिशेब

१८,००० रुपये पगार असलेल्या कामगाराचे राज्य कामगार विमा योजनेसाठी महिन्याला १३५ रुपये कापले जातात. मालक ५८५ रुपये भरतो. एकूण ७२०. जून २०१९ पर्यंत याच पगारावर कामगाराचे ३१५ आणि मालकाचे ८५५, असे १,१७० रुपये जात. १ जुलै २०१९ पासून वर्गणीचा एकूण दर ६.५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला आणि भार ३८ टक्क्यांनी उतरला. पण कुटुंबाला उपचार मिळणार की नाही, हे वर्गणीच्या रकमेवर ठरत नाही. ते तारखांवर ठरते.

नागपूरला ही योजना जुनी आहे. जुलै १९५४ मध्ये, मुंबईच्याही आधी, ती इथे सुरू झाली. त्या काळी पगारमर्यादा ४०० रुपये होती. तेव्हाचा विमेदार मुख्यतः गिरणीतला होता. आजचा विमेदार हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यात असतो किंवा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर. १० किंवा अधिक माणसांचा कारखाना आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार, या दोन अटी पुऱ्या झाल्या की सभासदत्व ऐच्छिक राहत नाही. मालकाने कामगाराची नोंदणी रुजू झाल्यापासून १० दिवसांत करायची असते.

वर्षाचे दोन वर्गणीकाळ असतात: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पहिल्याचा लाभ पुढच्या १ जानेवारी ते ३० जूनमध्ये मिळतो, दुसऱ्याचा १ जुलै ते ३१ डिसेंबरमध्ये. वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. नव्या कामगाराला दवाखाना पहिल्या दिवसापासून खुला असतो. आजारपणातले ७० टक्के वेतन (दोन सलग लाभकाळांत मिळून कमाल ९१ दिवस) मात्र रुजू झाल्यापासून ९ महिन्यांनी सुरू होते. १ ऑगस्टला लागलेल्याला पहिल्या वर्गणीकाळात ६१ दिवसच मिळतात, म्हणून त्याला ७८ ची अट नाही. कामाच्या उपलब्ध दिवसांपैकी निम्मे भरले की पुरे.

नोकरी सोडताना हा हिशेब महाग पडू शकतो. आधीचे वर्ष पूर्ण भरलेला आणि सुट्टीचेही वेतन मिळणारा कामगार १० जूनला राजीनामा देतो, तेव्हा एप्रिलपासून त्याचे ७१ दिवस भरलेले असतात. उपचाराचा हक्क ३१ डिसेंबरला संपतो. तोच १७ जूनपर्यंत थांबला तर ७८ दिवस होतात आणि हक्क पुढच्या ३० जूनपर्यंत जातो. ७ दिवसांच्या हजेरीची किंमत ६ महिन्यांचा उपचार आहे. राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी हजेरीचे दिवस मोजावेत, हे कामगाराला कुणीतरी सांगायलाच हवे.

पगारवाढीचेही असेच आहे. वर्गणीकाळाच्या मध्येच पगार २१,००० च्या वर गेला तर सभासदत्व लगेच जात नाही, त्या काळाच्या अखेरीपर्यंत टिकते आणि वर्गणी पूर्ण पगारावर कापली जाते. २१,००० चे २२,००० रुपये १ एप्रिलला झाले तर वर्गणी त्याच दिवशी थांबते आणि उपचार ३१ डिसेंबरपर्यंत मिळतात. तीच वाढ १ मेपासून मिळाली तर एप्रिल ते सप्टेंबर मिळून कामगाराचे ९८३ आणि मालकाचे ४,२५८ रुपये जातात, उपचार मात्र पुढच्या ३० जूनपर्यंत. वार्षिक वाढ बहुतेक ठिकाणी एप्रिलपासूनच धरली जाते, म्हणजे कामगाराच्या दृष्टीने सर्वांत वाईट तारखेला.

जादा कामाच्या पैशांचा नियम आणखी वेगळा आहे. पात्रता ठरवताना ते धरले जात नाहीत, वर्गणी कापताना धरले जातात. २०,५०० पगार आणि २,००० रुपये ओव्हरटाइम असेल तर सभासदत्व कायम राहते आणि कपात २२,५०० वर होते: १६९ रुपये.

मर्यादेचा इतिहास पाहिला की बाहेर पडणारे का वाढतात ते कळते. १९९७ मध्ये ती ६,५०० रुपये होती, २००४ मध्ये ७,५००, २००६ मध्ये १०,०००, २०१० मध्ये १५,००० आणि १ जानेवारी २०१७ पासून २१,०००. २०१७ ते २०२४ या आठ वर्षांत ती एक रुपयानेही वाढली नाही. २०१७ मध्ये १५,००० मिळवणाऱ्याला दरवर्षी ६ टक्के वाढ मिळाली असेल तर २०२३ मध्ये त्याचा पगार २१,२७८ होतो. काम तेच, हुद्दा तोच, पण त्याच्यासाठी आणि त्याच्या आईवडिलांसाठी सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयाचे दार बंद. आईवडिलांचा आरोग्य विमा बाजारात घ्यायला २२,००० चा पगार पुरत नाही. म्हणून ही मर्यादा ठरावीक काळाने आपोआप वाढायला हवी, असे माझे मत आहे.

निवृत्तीनंतर मात्र योजना स्वस्त आहे. किमान ५ वर्षे विमेदार राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपयांत स्वतःचा आणि जोडीदाराचा उपचार मिळतो. मर्यादा ओलांडून आधीच बाहेर पडलेले यात बसत नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही योजना चालवणाऱ्या महामंडळाने त्यांच्यासाठी सवलत ठरवली: १ एप्रिल २०१२ नंतर किमान ५ वर्षे विमेदार, निवृत्ती १ एप्रिल २०१७ रोजी किंवा नंतर, आणि निवृत्तीवेळी पगार ३०,००० पर्यंत.

ही ५ वर्षे सिद्ध होतात १० अंकी विमा क्रमांकावर. तो आयुष्यभर एकच असतो. नव्या मालकाने जुना क्रमांक न विचारता नवी नोंदणी केली तर आधीची सेवा दुसऱ्या खात्यावर पडून राहते. रुजू होताना अर्जात जुना क्रमांक लिहावा आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेनंतर, म्हणजे वर्गणी भरण्याची मुदत संपल्यावर, त्याच क्रमांकावर भरणा दिसतो का ते पाहावे.