कोल्हापूर शहरातील दुचाकी वाहनांचे वाहनतळ : कायदेशीर तरतुदी आणि शहररचनेचा प्रश्न

१. प्रस्तावना

सणासुदीच्या दिवसांत महाद्वार रोड किंवा ताराबाई रोड परिसरात दुचाकी घेऊन जाणाऱ्या नागरिकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. गाडी लावण्यास जागा कोठे मिळेल, हा पहिला प्रश्न. आणि मिळालेली जागा कायद्याने मान्य आहे काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सवयीने सापडते. दुसऱ्याचा विचार बहुधा क्रेनने गाडी उचलून नेल्यानंतरच होतो. प्रस्तुत लेखात दुचाकी कोठे उभी करता येते व कोठे येत नाही, याविषयीच्या तरतुदी स्पष्ट करून त्या कोल्हापूरसारख्या जुन्या शहराच्या रचनेला कितपत लागू पडतात, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

२. कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २ मधील व्याख्येनुसार दोन चाकांचे मोटार वाहन म्हणजे 'मोटार सायकल' होय. स्कूटर, मोपेड आणि मोटारसायकल असा बोलीभाषेत केला जाणारा भेद वाहनतळाच्या संदर्भात कायदा करीत नाही. अल्प शक्तीच्या विजेरी दुचाकी मात्र (२५० वॅटपेक्षा कमी शक्ती व ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी कमाल वेग) मोटार वाहन या संज्ञेतून वगळल्या आहेत. तथापि त्यांनी रस्ता अडविल्यास महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील अडथळ्याविषयीची तरतूद लागू होऊ शकते.

वाहने कोठे उभी राहू शकतील हे ठरविण्याचा अधिकार कलम ११७ ने राज्य शासनास अथवा शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यास दिला आहे. मात्र हा निर्णय स्थानिक प्राधिकरणाशी विचारविनिमय करून घ्यावयाचा आहे. कलम ११६ मध्ये वाहतूक चिन्हे उभारण्याची व कलम ११९ मध्ये ती पाळण्याची तरतूद आहे. म्हणजेच कोल्हापुरात या विषयाशी दोन यंत्रणांचा संबंध येतो. रस्ते व वाहनतळाच्या जागा महानगरपालिकेकडे आहेत, तर नियमन व कारवाई पोलिसांच्या शहर वाहतूक नियंत्रण शाखेकडे आहे. एका यंत्रणेने पट्टे आखावेत आणि दुसरीने त्यांच्याबाहेरील वाहनांवर कारवाई करावी, अशी ही विभागणी आहे. पट्टे पुसट झाले की कारवाईचा पायाही डळमळीत होतो, हे त्यामुळे ओघानेच येते.

३. कोठे उभी करता येत नाही?

मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ या नियमांनी १९८९ च्या जुन्या नियमांची जागा घेतली. त्यांतील विनियम २२ नुसार पुढील ठिकाणी वाहन उभे करण्यास मनाई आहे :

(अ) पदपथ, सायकल मार्ग व पादचारी ओलांडणी;
(आ) चौकाच्या अथवा रस्त्यांच्या संगमाच्या कडेपासून पन्नास मीटरपर्यंतचे अंतर;
(इ) बसथांबा, शैक्षणिक संस्था व रुग्णालय यांच्या प्रवेशमार्गाजवळ;
(ई) कोणत्याही मिळकतीच्या प्रवेशद्वारासमोर, तसेच वाहतूक चिन्ह झाकले जाईल अशा रीतीने;
(उ) उभ्या असलेल्या दुसऱ्या वाहनाला लागून, म्हणजे दुहेरी रांगेत.

दुचाकी लहान असल्यामुळे ती पदपथावर चढविणे क्षम्य आहे, असा सार्वत्रिक समज आढळतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात पादचाऱ्यांना अडथळा होणार नाही अशा बेताने पदपथावर दुचाकी लावण्यास परवानगी आहे. भारतीय कायद्यात अशी कोणतीही सवलत नाही. याउलट, सुरक्षित पदपथाचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. पदपथावरील दुचाकीमुळे वृद्ध किंवा अंध व्यक्तीला रस्त्यावर उतरावे लागते. नियमाचे उल्लंघन करणारा आणि त्याची किंमत मोजणारा हे येथे वेगवेगळे असतात.

बाजारपेठेच्या रस्त्यांवर आढळणारी सम-विषम तारखांची पद्धतही समजून घेणे आवश्यक आहे. 'पी-१' फलकाच्या बाजूस विषम तारखेला व 'पी-२' फलकाच्या बाजूस सम तारखेला वाहने उभी करावयाची असतात. अरुंद रस्त्याची एक बाजू नेहमी मोकळी राहावी आणि दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना लाभ व त्रास समान वाटला जावा, हा तिच्यामागील हेतू आहे.

४. कारवाई व नागरिकांचे हक्क

निषिद्ध जागी वाहन उभे केल्यास कलम १७७ खाली पहिल्या गुन्ह्यास ५०० रुपयांपर्यंत व नंतरच्या गुन्ह्यास १,५०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. २०१९ च्या सुधारणेपूर्वी हेच आकडे अनुक्रमे १०० व ३०० रुपये होते. वाहन उचलून नेण्याची तरतूद कलम १२७ मध्ये आहे. वाहन कायद्याने मनाई असलेल्या जागी असेल, अथवा सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस असेल, तर ते हलविण्यास त्या क्षेत्राचा गणवेशधारी पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. उचलण्याचा खर्च दंडाव्यतिरिक्त मालकाकडूनच वसूल होतो. क्रेनवरील कामगारांना स्वतःच्या मर्जीने वाहन उचलण्याचा अधिकार नाही, तो अधिकाऱ्याच्या निर्णयातून येतो, ही बाब नागरिकांनी लक्षात ठेवावयास हवी. तसेच ज्या ठिकाणची मनाई केवळ स्थानिक अधिसूचनेवर आधारलेली आहे, तेथे फलक ठळक असणे ही न्याय्य कारवाईची पूर्वअट मानली पाहिजे.

५. कोल्हापूरची रचना आणि पन्नास मीटरचा नियम

अंबाबाई मंदिराभोवती वाढलेल्या जुन्या कोल्हापुरात पेठा, गल्ल्या व बोळ यांचे जाळे आहे. तीन रस्ते मिळतात त्या जागेस येथे 'तिकटी' म्हणतात. मिरजकर तिकटी, पापाची तिकटी ही नावे सर्वपरिचित आहेत. कायद्याच्या भाषेत प्रत्येक तिकटी हा रस्त्यांचा संगमच होय. आता साधे गणित पाहू. दोन संगमांमधील अंतर शंभर मीटर असेल, तर दोन्ही बाजूंचे पन्नास मीटर वगळल्यावर वाहनासाठी शिल्लक राहणारी लांबी शून्य भरते. जुन्या पेठांमध्ये तर अनेक ठिकाणी हे अंतर त्याहूनही कमी आहे. राजारामपुरीसारख्या आखीव वसाहतीतही मुख्य रस्त्याला ओळीने येऊन मिळणाऱ्या क्रमांकांच्या गल्ल्यांमुळे हीच स्थिती उद्भवते.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. सर्वसाधारण नियम अक्षरशः लावल्यास शहराच्या मध्यवर्ती भागात रस्त्याकडेला कायदेशीर जागा जवळजवळ उरत नाही. आणि तो न लावल्यास कोणती गाडी उचलावी व कोणती सोडावी, हे प्रसंगावर अवलंबून राहते. कायद्याविषयीचा आदर अशा अनिश्चिततेतूनच कमी होतो. म्हणून कलम ११७ खाली निश्चित केलेली, पट्टे आखलेली व फलक लावलेली जागा हाच येथे वाहनधारकाचा खरा आधार ठरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच भाऊसिंगजी रोड परिसरात, सीपीआर रुग्णालयासमोर सुरू झाल्याने या प्रश्नाची निकड वाढली आहे. कारण रुग्णालयाचा प्रवेशमार्ग मोकळा ठेवणे व पक्षकारांच्या वाहनांची सोय करणे ही दोन्ही कामे तेथे एकाच वेळी साधावयाची आहेत.

६. जागेचे गणित

राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत (२०२०) दुचाकीसाठी १ × २ मीटर व मोटारीसाठी २.५ × ५ मीटर जागा धरली आहे. म्हणजे एका मोटारीच्या साडेबारा चौरस मीटर जागेत सहा दुचाकी मावतात. ज्या शहरात बहुसंख्य कुटुंबे दुचाकीवर अवलंबून आहेत, तेथे मर्यादित जागेतील पहिला वाटा दुचाकीला देणे समन्यायी ठरेल. इमारतीच्या आराखड्यात वाहनतळ म्हणून मंजूर झालेली तळघरे व खांबांवरील मोकळी जागा दुकाने वा गोदामांसाठी वापरली गेली, की तेथील वाहने रस्त्यावर येतात. हा रस्त्यावरील गर्दीचा एक मूळ स्रोत आहे. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने (२००६) वाहनतळाचे शुल्क व्यापलेल्या जमिनीचे खरे मूल्य दर्शविणारे असावे, असे म्हटले आहे. पॅरिस शहराने सप्टेंबर २०२२ पासून पेट्रोलवरील दुचाकींना रस्त्यावरील वाहनतळासाठी शुल्क लागू केले. आपल्याकडे असे शुल्क आकारण्यापूर्वी पुरेशी अधिकृत जागा उपलब्ध करणे क्रमप्राप्त आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून पुढील अपेक्षा मांडता येतील. महानगरपालिका व पोलीस यांनी दुचाकी वाहनतळांची रस्तानिहाय यादी व नकाशा मराठीत प्रसिद्ध करावा. पट्टे व फलक यांची ठराविक मुदतीने तपासणी व्हावी. मंजूर आराखड्यातील वाहनतळ त्याच कामासाठी वापरले जातात काय, हे पाहिले जावे. महाविद्यालयांची जबाबदारीही येथे कमी नाही. शैक्षणिक संस्थेचा प्रवेशमार्ग कायद्याने मोकळा ठेवावयाचा असताना, प्रवेशद्वाराच्या दोन्ही बाजूंना लागणाऱ्या दुचाकींच्या रांगा आपण अध्यापक दररोज पाहतो. आवारात जागा आखून देणे आणि प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्यांना हे नियम समजावून सांगणे, एवढे तरी आपल्या हाती निश्चितच आहे. नागरिकशास्त्राचा हा पाठ वर्गाबाहेर, प्रवेशद्वारापाशीच सुरू होतो.