टाळ्या थांबल्यावर पुढे काय?

मैत्रिणींनो, बालतारकेच्या गोड चेहऱ्याचं कौतुक सगळेच करतात. पण ती मोठी झाली, की पुढे काय? फिलिपिन्सच्या जीना अलाहार यांनी याचं उत्तर कामातूनच दिलं.

१९५९ साली जन्मलेल्या जीना लहानपणीच पडद्यावर आल्या. विशीत मात्र त्यांनी गोडवा पार बाजूला ठेवला. १९८०च्या ‘ब्रुटल’मध्ये त्या देहविक्रय करणारी तरुणी झाल्या, तर १९८१च्या ‘सालोमे’त खुनाचा आरोप असलेली विवाहिता. घडलं ते एकच, पण जो तो आपल्या परीनं सांगतो. खरं काय, ते प्रेक्षकांनी ठरवायचं! आणि दोन्हींच्या दिग्दर्शक बायकाच, बरं का: मारिलू दियास-अबाया आणि लॉरीस गिलेन. १९८४ साली लिनो ब्रोकांच्या ‘बायान को’मध्ये जीना छापखान्यातल्या कामगाराची गरोदर बायको होत्या. हा चित्रपट कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता.

पुढे त्या स्वतःच मालिकांच्या दिग्दर्शिका झाल्या. २०१९ साली सुरू झालेल्या ‘प्रिमा डोनाज’मध्ये नायिका होत्या तीन कोवळ्या मुली, आणि कॅमेऱ्यामागे जीना!

आपल्या गुणी लेकीला टाळ्या जरूर द्या. पण त्यांच्या जोडीला कसब शिकायला वेळही द्या. टाळ्या ओसरतात, कसब मात्र हाती राहतं.