उच्चांक पुरेसा नाही

केज तालुक्यातील नांदूरघाट हे महसूल मंडळ. हवामानाधारित फळपीक विम्याची भरपाई मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या नोंदींवर ठरते, म्हणून त्या साठवण्याची रीत शेतकऱ्याच्या खिशाशी जोडलेली आहे. साधी प्रणाली प्रत्येक नवे तापमान साठवलेल्या कमाल-किमानाशी ताडते. ओलांडले, की जुना आकडा पुसते. सेन्सरने क्षणभर ५२ अंश असे खोटेच दाखवले, तर तोच त्या दिवसाचा उच्चांक. खरा आकडा मग कोठून आणणार? शिवाय दिवस मध्यरात्री बदलायचा की सकाळी साडेआठला, हेही मूळ नोंदी असतील तरच नंतर तपासता येते. साठवण वाढेल, ही तक्रार लटकी आहे: दर दहा मिनिटांना एक, म्हणजे दिवसाला अवघ्या १४४ नोंदी. दावा नाकारला गेला, तर बागायतदारांनी त्या सगळ्या मागाव्यात.