जुना स्कॅनर आणि आजोबांचा दाखला

आमचे बाबा आयुध निर्माणीत नोकरीला होते. २००६ साली बोनसच्या पैशातून त्यांनी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये एक संगणक आणि एक स्कॅनर आणला. शेजारीपाजारी मुलांचे दाखले, गुणपत्रिका घेऊन येत आणि बाबा हौसेने स्कॅन करून देत. पुढे एका पावसाळ्यात वीज पडून संगणक गेला, पण स्कॅनर वाचला. तो पेटीत बंद झाला.

यंदा मुलीच्या जातवैधता प्रमाणपत्रासाठी कागद जमवायला घेतले. सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला. तो १९५० पूर्वीचा, घडीवर विरलेला, शाई उडालेली. मोबाइलने फोटो काढला, तर नेमक्या जातीच्या रकान्यावर घडीची सावली पडली. तेव्हा स्कॅनर आठवला. नव्या लॅपटॉपला जोडला, दिवाही लागला. पण लॅपटॉप त्याला ओळखेना. दुकानात नेला, तर उत्तर मिळाले, "हे आता भंगारात द्या, नवीन घ्या."

बाबांना ते पटले नाही. ते म्हणाले, "दिवा लागतो, म्हणजे यंत्र बिघडलेलं नाही. त्याची भाषा समजणारं कोणी नाही, एवढंच."

दुभाषा हरवला

बाबांचे म्हणणे खरे निघाले. संगणक आणि यंत्र यांच्यामध्ये एक दुभाषा असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमच्या स्कॅनरचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीसाठी, ३२ बिटचा होता. २०२१ साली आलेली विंडोज ११ केवळ ६४ बिटची आहे. तिच्यावर ३२ बिटचे साधे प्रोग्रॅम चालतात, पण ३२ बिटचे ड्रायव्हर चालत नाहीत. म्हणून सीडी पुन्हा पुन्हा घालून उपयोग नव्हता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. त्यामुळे ही अडचण आता अनेक घरांत येणार आहे.

मराठीला हा अनुभव नवा नाही. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसवले, की डॉसवर देवनागरी उमटत असे. पुढे संगणकांतून त्या कार्डाची खाचच गेली. कार्ड निकामी झाले. पण त्यावर लिहिलेला मजकूर इस्की या ठरलेल्या संकेतात होता, म्हणून तो आजही युनिकोडमध्ये आणता येतो.

मार्ग कसा निघाला

वस्तीतला अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी मदतीला आला. त्याने डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्कॅनरचा हार्डवेअर आयडी पाहिला. त्यात बनवणाऱ्याचा आणि यंत्राचा, असे दोन क्रमांक असतात. लिनक्सवर सेन नावाची मोफत प्रणाली अनेक जुने स्कॅनर चालवते. तिच्या यादीत आमचे क्रमांक सापडले. मग घरच्या फायलींची प्रत काढून ठेवली आणि लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच सुरू केले. लॅपटॉपवर काही बसवावे लागले नाही, की आतले काही पुसावे लागले नाही. अशा वेळी स्कॅन केलेला कागद मात्र दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवावा, कारण संगणक बंद करताच तिथले काम पुसले जाते.

वाचकांनी आणखी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ड्रायव्हर आधी यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडेच शोधावा. अनोळखी ठिकाणाहून फुकट मिळणाऱ्या ड्रायव्हरमधून व्हायरस येऊ शकतो. जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल, तर विंडोजमधला 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर लावून पाहावा. त्यावर इंग्रजी अक्षरे व आकडे छापले जातात, मराठी नाही. प्रत्येक जुने यंत्र जागे होईलच असे नाही; पण टाकण्यापूर्वी एक संध्याकाळ द्यावी.

त्या रात्री स्कॅनरचा दिवा दाखल्यावरून हळूहळू सरकला. पडद्यावर आजोबांचे नाव, जन्मतारीख आणि जातीचा रकाना, सारे स्वच्छ उमटले. बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. मग नातीला म्हणाले, "आता याच्या तीन प्रती कर, आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी ठेव."

स्कॅनर आता पेटीत नाही, टेबलावर आहे. शेजारचे पुन्हा कागद घेऊन येऊ लागले आहेत.