दार लावून अभ्यास

आमचा मुलगा दार लावून एकटाच अभ्यास करतो, असे आपण आईबाप अभिमानाने सांगतो. मीही सांगत असे.

अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० च्या दशकात कृष्णवर्णीय विद्यार्थी गणितात मोठ्या संख्येने मागे पडत. प्राध्यापक म्हणत, जिद्द नाही, पाया कच्चा, घरचे वातावरण नाही. (ही वाक्ये आपल्या ओळखीची आहेत!) तिथे शिकवणाऱ्या युरी ट्राइसमन या तरुणाने २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा दिनक्रम जवळून पाहिला. कृष्णवर्णीय मुले मेहनती होती, घरच्यांनाही शिक्षणाची आस होती. पण ती एकेकटी अभ्यास करीत. चिनी मुले आधी एकटी बसत, मग संध्याकाळी जमत, एकत्र जेवत, एकमेकांची गणिते तपासत. कुणाचा मोठा भाऊ येऊन प्रश्न विचारी. हे कोणा प्राध्यापकाने लावून दिले नव्हते. चूक मित्रांसमोर व्हायची, तिथेच सुधारायची, हसे होण्याची भीती नव्हती. एकट्याला मात्र वाटे, अडते ते फक्त मलाच. ‘कच्चा’ हा शिक्का नको म्हणून तो जादा वर्गालाही जात नसे.

१९७८ पासून ट्राइसमन यांनी छोटे गट बसवले. गणिते सोपी नव्हे, मुद्दाम अवघड दिली. शिकवणारा व्याख्यान न देता मुलांमध्ये फिरे. या गटांतली कृष्णवर्णीय मुले गोऱ्या वर्गमित्रांच्याही पुढे गेली.

आमच्याकडे आता रविवारी चार मुले जमतात. गलका होतो, चहा दोनदा टाकावा लागतो. दार उघडेच असते.