पेटीतला वारा

मे महिन्यातल्या दुपारी कणकवलीत खोलीतला पारा ३३ अंशांवर होता आणि हवा घामट. अकरावीतला एक विद्यार्थी आमच्याकडे आला. आंब्याच्या हंगामात पेट्या भरून साठवलेल्या पैशांतून त्याने गेम खेळण्याजोगा स्वस्तातला संगणक जुळवला होता. त्यावरच त्याची बहीण अभियांत्रिकीच्या आकृत्या काढे. अर्धा तास झाला की पडदा काळा होई. "पंखो फिरता सर, पण मशीन तापताच," तो म्हणाला. दुकानदाराने रंगीत दिव्यांच्या चार पंख्यांचा दोन हजारांचा संच सुचवला होता. तो घ्यावा का, हा त्याचा प्रश्न.

संच घेण्याआधी थोडे गणित करू. संगणकात शिरलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. मुलांना हे पटत नाही. त्यांना वाटते, काही वीज 'गेममध्ये' जात असेल. आम्ही वीजमापक लावून पाहिला, गेम चालू असताना २५० वॅट. त्यातले साधारण ३० वॅट वीजपुरवठ्याच्या डब्यातच उष्णता होऊन त्याच्या स्वतःच्या पंख्याने बाहेर जात असतील असे धरू. उरले २२० वॅट, म्हणजे दर सेकंदाला २२० जूल. ही उष्णता पेटीतल्या हवेनेच बाहेर न्यायची आहे. (१९९३ साली आलेल्या पहिल्या पेंटियम प्रोसेसरची भूक सुमारे १५ वॅट होती, तरी त्याच्या डोक्यावर पंखा बसवावा लागे.)

एक लिटर हवा एका अंशाने तापवायला साधारण १.१५ जूल लागतात. हवा दहा अंश तापून बाहेर पडली तर चालेल असे ठरवले, तर २२० भागिले ११.५, म्हणजे सेकंदाला १९ लिटर हवा हवी. पंख्याच्या खोक्यावर आकडा मिनिटाला घनफुटांत असतो. १९ लिटर म्हणजे सुमारे ४० घनफूट. १२० मिलिमीटरच्या साध्या पंख्यावर ५० ते ६० लिहिलेले असते. मग एकच पंखा पुरायला हवा! पण तो आकडा समोर काहीही अडथळा नसतानाचा. जाळी, अरुंद फटी आणि तारांचे जंजाळ आले की हातात बरेच कमी पडते.

किती कमी, हे वर्गातही मोजता येईल. आम्ही कचऱ्याची मोठी पातळ पिशवी फुगवून तिची लांबी आणि घेर मोजला, दंडगोल धरून घनफळ काढले. सुमारे ३० लिटर भरले. ती चपटी करून मागच्या पंख्यावर धरली आणि घड्याळ लावले. फुगायला चार सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागला, म्हणजे सेकंदाला जेमतेम ७ लिटर. एवढ्याच हवेने २२० जूल न्यायचे तर ती २७ अंश तापली पाहिजे. प्रयोगशाळेतला तापमापक बाहेर पडणाऱ्या हवेत धरला, तर ५८. अपेक्षा ६० ची होती. दोन अंशांची तफावत पेटीच्या पत्र्यातून निसटलेल्या उष्णतेची असावी.

आता बेरीज पाहा. खोली ३३, पेटीतली वाढ २७, आणि चिप तिच्याभोवतीच्या हवेपेक्षा साधारण ४० अंश जास्त तापते असे धरले तर एकूण १००. या तापमानाला चिप आधी स्वतःचे काम मंद करते आणि तरीही भागले नाही तर संगणक बंद पडतो. पंखा कितीही जोरात फिरवला तरी पहिले ३३ कमी होत नाहीत. तो हवा हलवतो, थंड करत नाही. नागपूरकडे पाण्याचा कूलर लावून खोली उतरवता येते, पण आपल्याकडे हवाच ओलावलेली असल्याने पाणी फारसे उडत नाही, उलट संगणकाला दमटपणा तेवढा वाढतो.

आम्ही एकच साधा पंखा आणवला, १२० चा, बिनदिव्यांचा. ८० चा स्वस्त होता. पण तशाच घडणीच्या पंख्यात, वेग तोच असेल तर हवा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दीडपट व्यासाला जवळजवळ ३.४ पट. म्हणून मोठा पंखा हळू फिरूनही तेवढेच काम करतो आणि आवाज कमी होतो.

पंखा पुढच्या बाजूला बसवला. फरक शून्य! विज्ञान शिकवणाऱ्या दोघांनी तासभर डोके खाजवले. शेवटी उदबत्ती लावली. धूर पुढच्या जाळीकडे ओढला जाण्याऐवजी तिथून दूर ढकलला जात होता. पंखा उलटा बसवला होता आम्ही. पुढचा आणि मागचा, दोघेही हवा बाहेर फेकत होते आणि आत यायला फटींशिवाय वाट नव्हती. चौकटीच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या दांड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते, हे ध्यानात ठेवावे.

पंखा फिरवून लावला. पुढची जाळी काढली, तर तिच्यावर जांभ्याच्या लाल धुळीचा थर, आणि एका कोपऱ्यात मुंग्यांनी आणलेली माती. धुऊन, वाळवून बसवली. पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. पिशवी दीड सेकंदात फुगली, म्हणजे सेकंदाला २० लिटर. तापमापक ४३. बहिणीने संध्याकाळपर्यंत काम केले, पडदा काळा झाला नाही.

मग चार पंखे? हवा २० वरून ४० लिटर झाली, तरी पेटीतली दहा अंशांची वाढ पाचवर येईल, म्हणजे फायदा पाच अंशांचा. पहिल्या खेपेस १७ अंश मिळाले होते. बाकीचे ४० चिपवरच्या पत्र्यांच्या आणि त्यांवरच्या पंख्याच्या हाती आहेत. त्यात सुधारणा हवी असेल तर पैसे तिथे घालावेत.

हवा आत ढकलणारा पुढचा पंखा मागच्यापेक्षा थोडा जोरदार ठेवला, तर पेटीत किंचित दाब राहतो. मग फटींतून धूळ आत येण्याऐवजी हवा बाहेर जाते आणि सगळी धूळ एकाच जाळीवर अडकते. ती महिन्याने धुवावी. पावसाळ्यात धूळ ओली होऊन चिकटते, तेव्हा पंधरवड्याने. फुंकणीने किंवा ब्लोअरने आतली धूळ काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण वाऱ्याने ते नको तितके वेगात फिरून त्याचा आस खराब होतो. संगणक अर्थातच आधी बंद करून, प्लग काढून.