खोली महाग, मग सगळ्या बिलाला कात्री का?

आरोग्य विमा पाच लाखांचा, रुग्णालयाचं बिल दोन लाखांचं. तरीही कंपनी पूर्ण पैसे देत नाही. असं का होतं?

उत्तर अनेकदा खोलीच्या भाड्यात सापडतं. काही पॉलिसींत रोजच्या भाड्यावर विमा रकमेच्या 1 टक्का मर्यादा असते. इथे 5,000 रुपये. 10,000 रुपयांची खोली घेतली, तर ‘वरचे पाच हजार आपण भरू’ असा आपला हिशेब असतो. पण एकाच हॉटेलात वातानुकूलित विभागात बसलं की चहाही महागतो, तसं अनेक रुग्णालयांत खोलीच्या वर्गानुसार डॉक्टरांची फी, नर्सिंग, शस्त्रक्रियागृह यांचेही दर चढतात. म्हणून कंपनी या खर्चांनाही भाड्याचंच प्रमाण (10,000 पैकी 5,000) लावते आणि निम्मेच पैसे देते.

औषधं, तपासण्या, इम्प्लांट आणि आयसीयूच्या खर्चाला ही कपात लावता येत नाही, असं विमा नियामक ‘इर्डाई’ने 2020 मध्ये स्पष्ट केलं. खोलीनुसार दर न बदलणाऱ्या रुग्णालयांतही ती लागू नाही.

‘सगळं कव्हर आहे’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. पॉलिसीतलं खोलीभाड्याचं कलम आजच वाचा. शक्यतो अशी मर्यादा नसलेलीच पॉलिसी घ्या.